दळीची जमीन: कळंबच्या डोंगरकडेची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातल्या कळंबच्या आसपासची शेतजमीन तीन थरांत विभागलेली आहे. पोशीर आणि चिल्लार या नद्यांच्या काठाला, सपाटीवर, बांधबंदिस्ती केलेली भाताची खाचरे आहेत. त्यांच्या वर गवताचा माळ आणि वरकस, म्हणजे भाताला न लागणारी हलकी जमीन. माळ संपून जंगल लागते तिथे, सह्याद्रीच्या कड्याखाली उतरलेल्या सोंडांवर, नाचणी, वरी आणि खुरासणीची शेते दिसतात. या तिसऱ्या थरातल्या शेतांपैकी बरीच 'दळी' आहेत. वनखात्याच्या हद्दीत, वनखात्याच्या परवानगीने, पण कसणाऱ्याच्या मालकीची नसलेली अशी ही शेती ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. कर्जत-खालापूरच्या डोंगराळ भागात एखाद्या कुटुंबाच्या जमिनीचा इतिहास सांगायचा तर खाचराइतकाच तो दळीचाही सांगावा लागतो. खाचराचा इतिहास सातबाऱ्यात सापडतो. दळीचा मात्र वनखात्याचे दळी बुक (दळीची नोंदवही), दंडाच्या पावत्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांतून जुळवावा लागतो.

दळीची मूळ पद्धत फिरत्या शेतीची. फाल्गुन-चैत्रात उतारावरची झुडपे आणि झाडांच्या फांद्या तोडून वाळू द्यायच्या, पावसाळ्याआधी त्या तिथेच जाळायच्या आणि राखेने कसदार झालेल्या मातीत बी टाकायचे. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी खुरासणी असा साधारण क्रम असे. कडेला तूर आणि उडीद, मोकळ्या जागी काकडी आणि चिबूड. तीन-चार वर्षांत मातीचा कस उतरला की तो तुकडा पडीक सोडायचा आणि दुसरा काढायचा. सोडलेल्या तुकड्यावर पुन्हा झाडोरा वाढे आणि काही वर्षांनी कुटुंब तिथे परत येई. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या उतारावर नांगर घालून दरवर्षी पीक घेतले, तर माती पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच ओढ्याला लागली असती. पडीक ठेवण्याची वर्षे हा या शेतीचा कणा होता. जमीन पुरेशी असेपर्यंत ही पद्धत चालली. जमीन बांधली गेली तेव्हा तिचा तोल गेला.

खालच्या भातशेतीलाही जंगल लागेच. भाताच्या रोपासाठी 'राब' भाजण्याची पद्धत इथे आजही अनेक घरांत आहे. रोपवाटिकेच्या जागेवर आधी शेणाचा थर, त्यावर ऐनासारख्या झाडांचे टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सर्वांत वर बारीक माती पसरतात. मातीच्या थराखाली जाळ भडकत नाही. तो धुमसत, सावकाश पुढे सरकावा म्हणून राब वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवतात. या उष्णतेने तणाचे बी जळते, किडीचा नायनाट होतो आणि रोपाला राख मिळते. पहिल्या पावसानंतर त्या काळ्या वाफ्यावर भात पेरतात आणि आषाढात चिखलणी करून खाचरात आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करतात. एक एकर भात उभा करायला त्याहून कितीतरी मोठ्या क्षेत्रातले टहाळ आणि गवत लागते. म्हणून वरकस हा खाचराचा अविभाज्य भाग मानला जाई, आणि वरकस तोकडे पडले की शेतकरी सरकारी जंगलाकडे वळे.

या जंगलाची मालकी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बदलली. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १८५६ साली कल्याणहून खोपोलीपर्यंत आगगाडी आली आणि १८६३ साली बोरघाटातून ती वर पुण्याकडे गेली. रुळांखालच्या लाकडी स्लीपरांना, इमारतींना आणि मुंबईच्या चुलींना लाकूड हवे होते, आणि ते याच डोंगरांत होते. १८७८ च्या भारतीय वन कायद्याने सरकारला जंगल राखीव करण्याचे व्यापक अधिकार दिले. राखीव जंगलात झाड तोडणे, आग लावणे, गुरे चारणे हे गुन्हे ठरले. म्हणजे दळीतले जवळपास प्रत्येक काम गुन्हा झाले. राबासाठी टहाळ तोडणाऱ्या सपाटीवरच्या शेतकऱ्यांनाही याची झळ बसली. ठाणे आणि कुलाबा भागातून इतक्या तक्रारी गेल्या की मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. जमीनदार आणि शिकलेल्या वर्गाला राबाचा प्रश्न मांडता आला. डोंगरावरच्या ठाकूर-कातकऱ्यांची बाजू मांडायला आयोगापुढे फारसे कोणी नव्हते.

तरीही वनखात्याला डोंगरातली माणसे पूर्णपणे हाकलता येत नव्हती आणि तसे परवडणारेही नव्हते. कूप (तोडीसाठी आखलेले जंगलाचे पट्टे) तोडायला, रस्ते साफ करायला, वणवा विझवायला हात हवे होते. ही गरज आणि लोकांची उपासमार यांतून तडजोड निघाली: जंगलातले ठरावीक तुकडे आखून ते भाडेपट्ट्याने कसायला द्यायचे. फिरती शेती इथे थांबली आणि दळी एका जागी खिळली. पट्टा बरेचदा गटाच्या म्होरक्याच्या नावावर असे आणि प्रत्यक्ष कसणारी दहा-पंधरा घरे त्या एका नावामागे असत. कोणाचा तुकडा कोणता, हे ओढा, मोठा दगड, एखादे ऐनाचे किंवा मोहाचे झाड अशा खुणांवरून ठरे. ही वाटणी त्या वेळी कोणाला खटकली नाही, कारण वाडीत सगळे एकमेकांना ओळखत होते. तीन पिढ्यांनंतर, म्होरक्याचे नाव कागदावर उरले आणि बाकीच्या घरांची नावे कुठेच नव्हती, तेव्हा तिची किंमत कळली.

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला नेमकी उलटी व्यवस्था घडत होती. १८६२ च्या कायद्याने अमेरिकेच्या सरकारने कोणाही कुटुंबप्रमुखाला १६० एकर सरकारी जमीन जवळपास फुकट देऊ केली. अट एवढीच की पाच वर्षे तिथे राहावे, घर बांधावे आणि जमीन कसावी. मग मालकीचा दाखला मिळे. पुढच्या काही दशकांत अशी लाखो कुटुंबे तिथे जमीनमालक झाली आणि त्यांची वंशपरंपरागत शेते उभी राहिली. ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती, हा त्या कहाणीचा अंधारा भाग. कर्जतच्या डोंगरात जमीन काढणारे स्वतःच मूळ रहिवासी होते. ते तिथे राहिले, घरे बांधली, जमीन कसली, आणि पाच वर्षांऐवजी शंभरहून अधिक वर्षे कसूनही मालकीचा दाखला त्यांच्या हाती आला नाही. दोन्हीकडे घाम सारखाच गळला. वाट फक्त कायद्याने वेगळी केली.

दळीवरच्या घराचे वर्ष कसे जाई, हे जवळून पाहण्यासारखे आहे. घर कुडाचे: कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर शेणमातीचा लेप. कारवी आठ वर्षांच्या सुमारास एकदाच फुलते आणि मग वाळते, तेव्हा कुडासाठी काठ्या मुबलक मिळत. पावसाळ्यात इरले पांघरून उतारावर नाचणीचे रोप लावायचे. दिवाळीच्या आधी पीक तयार होऊ लागले की रानडुकरांपासून राखण सुरू. शेतात बांबूचा माळा उभारायचा आणि रात्री त्यावर जागायचे. कापणी झाली की खळ्यावर मळणी आणि धान्य कणगीत. बांबूची कणगी आतून-बाहेरून शेणाने सारवलेली असे. तिच्यातले धान्य साधारण फाल्गुनापर्यंत पुरे. त्यानंतर मोहाची फुले, रानभाज्या, कंद आणि मजुरी यांवर दिवस काढायचे. आषाढ-श्रावण हे सर्वांत कठीण महिने: शेतात काम सर्वाधिक आणि घरात धान्य सर्वांत कमी. त्या दिवसांत पोटासाठी घेतलेल्या उधारीला खावटी म्हणतात. सावकाराची खावटी सुगीला दीडपट-दुपटीने फेडावी लागे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावी लागे.

माथेरानात जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल यांचे काम याच दुखण्यावर होते. नेरळ-कर्जत परिसरातल्या शेतकऱ्यांना सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठारे सुरू केली. पुढे १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात इंग्रज पोलिसांच्या गोळीबारात हिराजी पाटील यांच्यासह हुतात्मा झाले. सिद्धगडची आठवण या भागात दरवर्षी जागवली जाते. त्यामानाने धान्यकोठारांची आठवण कमी निघते, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे. डोंगरातल्या घरांना त्यांचा आधार रोजच्या जगण्यात होता. पुढे कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांवर धान्यबँका चालवल्या, तेव्हा तीच गरज पुन्हा समोर होती.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात सपाटीवरच्या जमिनीचे चित्र झपाट्याने पालटले. १९४८ च्या कूळ कायद्यात १९५६ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून प्रत्यक्ष कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. किंमत ठरवून ती हप्त्यांनी फेडली की मालकीचे प्रमाणपत्र मिळे. ज्या कुळांची नावे पीकपाहणीच्या रकान्यात लागलेली होती, त्यांची पुढची पिढी खाचराची मालक झाली. ठाकूर आणि कातकरी कुळांपैकी अनेकांची नावे तिथे नव्हती. जमीन तोंडी बोलीवर कसलेली, खंड धान्यात दिलेला, पावती कधी मागितलेली नाही. तलाठ्याच्या वहीत नाव चढवण्यासाठी तालुक्याला खेटे घालणे हे त्या पिढीच्या आवाक्यातले नव्हते. त्यामुळे एकाच गावात, एकाच पिढीत, काही घरे मालक झाली आणि काही घरे मजूरच राहिली. दळीला तर कूळ कायदा लागूच नव्हता, कारण तिचे मालक खुद्द सरकार.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नधान्य वाढवण्यासाठी वनजमिनीचे आणखी काही तुकडे एका वर्षाच्या कराराने कसायला दिले गेले. त्यांना एकसाली म्हणत. एक साल संपले तरी शेती चालूच राहिली. १९७० च्या सुमारास राज्य शासनाने एकसाली आणि दळी जमिनी कसणाऱ्यांच्या नावे करण्याचे धोरण घेतले. काही एकसाली प्लॉट त्याप्रमाणे सातबाऱ्यावर आले. दळीचे काम मोजणी, याद्या आणि दोन खात्यांमधला पत्रव्यवहार यांत अडकले. ते मार्गी लागण्याआधीच केंद्राचा १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि केंद्राच्या मंजुरीशिवाय वनजमीन अन्य कामासाठी देण्याची वाट बंद झाली. जंगल वाचवण्यासाठी तो कायदा गरजेचा होता, यात शंका नाही. पण ज्या कुटुंबांचे हक्क त्याआधीच मान्य करायचे ठरले होते, ती त्याच्या कचाट्यात सापडली. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले आणि कड्यालगतच्या वरच्या जंगलाला आणखी एक बंधन आले. दळीवर राहणारी तिसरी-चौथी पिढी या काळात अतिक्रमणदार म्हणून नोंदली गेली. आजोबा जी जमीन पट्ट्याने कसत, तीच कसल्याबद्दल नातवाला दंड होऊ लागला.

मालकीच्या कागदाने एका जमिनीवर काय घडू शकते, हे याच तालुक्यात पाहता येते. नेरळजवळच्या मालेगाव येथील सगुणा बाग ही भडसावळे कुटुंबाची शेती. चंद्रशेखर भडसावळे अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतले आणि १९८० च्या दशकात घरच्या जमिनीवर त्यांनी मत्स्यशेती, फळबाग आणि कृषी पर्यटन यांची सांगड घातली. महाराष्ट्रातल्या कृषी पर्यटनाच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत तिची गणना होते. पुढे तिथेच भातशेतीचे 'सगुणा राइस तंत्र' तयार झाले. त्यात चिखलणी नाही, आवणी नाही आणि दरवर्षीची नांगरणीही नाही. एकदा गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने २५ सेंटिमीटर अंतरावर खड्डे पाडायचे, त्यांत थेट बी टाकायचे आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची. कुजलेल्या मुळांनी माती भुसभुशीत राहते, गांडुळे वाढतात, मजुरी वाचते. तण मारायला सुरुवातीला तणनाशक वापरावे लागते, यावर सेंद्रिय शेतीवाल्यांचा आक्षेप आहे आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. पण मुद्दा असा की तळे खणणे, फळझाडे लावणे, वर्षानुवर्षे टिकणारे गादीवाफे करणे ही सगळी दहा-वीस वर्षांच्या मुदतीची कामे आहेत. उद्या जमीन आपलीच असेल याची खात्री असल्याखेरीज कोणी ती हाती घेत नाही. दळीधारकाने आंब्याचे कलम लावले, तर ते अतिक्रमणाचा पुरावा ठरण्याची भीती. म्हणून तो दरवर्षी नाचणी लावत राहिला, आणि पडीक ठेवायला दुसरा तुकडा नसल्याने त्याच उतारावर लावत राहिला. डोंगराची माती झिजली त्याचा दोष आदिवासींच्या शेतीपद्धतीला देण्याची सवय आहे. जमीन बांधून टाकणाऱ्या व्यवस्थेचा त्यात मोठा वाटा आहे.

पाण्याची वाटणीही अशीच झाली. टाटांचे भिवपुरीचे जलविद्युत केंद्र १९२२ साली सुरू झाले. घाटावरच्या धरणाचे पाणी वीज तयार करून खाली येते आणि राजनाला कालव्यातून कर्जतच्या सपाटीला मिळते. त्यावर उन्हाळी भात होतो. १९१९ साली सुरू झालेल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेले वाणही याच खाचरांना लागू पडतात. दळी मात्र कालव्याच्या वर राहते. डोंगराच्या पोटातून निघालेली वीज आणि पाणी तिच्या खालून वाहत जाते. पाण्याअभावी पावसाळ्यानंतर तिथे काम उरत नाही, म्हणून दिवाळीनंतर वरच्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबे आधीच्या पिढ्यांत कोळशाच्या भट्ट्यांवर जात. आता वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. कात पाडण्याचा त्यांचा मूळ धंदा खैराच्या झाडाबरोबर वनखात्याच्या ताब्यात गेला, त्याला आता कित्येक पिढ्या झाल्या.

दळीचा प्रश्न रायगडात जिवंत ठेवला तो संघटनांनी. श्रमिक क्रांती संघटना आणि सर्वहारा जन आंदोलन यांनी जुनी दळी बुके शोधणे, याद्या करणे, मोर्चे काढणे ही कामे वर्षानुवर्षे केली. देशभरच्या अशाच लढ्यांतून २००६ साली वन हक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला कमाल ४ हेक्टरपर्यंतचा हक्क त्यात मान्य झाला. वनजमिनीवरच्या जुन्या पट्ट्यांचे आणि भाडेपट्ट्यांचे मालकीत रूपांतर करण्याची स्वतंत्र तरतूदही त्यात आहे. दळी थेट तिच्यात बसते. आदिवासी नसलेल्यांना, म्हणजे या डोंगरांतल्या धनगरवाड्यांना, तीन पिढ्यांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते आणि कायद्याने एक पिढी २५ वर्षांची धरली आहे.

दावा ग्रामसभेपुढे मांडायचा, वन हक्क समितीने जागेवर जाऊन पाहायचे, मग उपविभागीय आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती निर्णय देते. एकाहून अधिक पुरावे लागतात. इथे जुन्या गोष्टींना नवी किंमत आली. अतिक्रमणाच्या गुन्ह्यात भरलेल्या दंडाची पावती हा त्या वर्षी ती जमीन कोण कसत होते याचा लेखी पुरावा ठरला. ज्या घरांनी अशा पावत्या पत्र्याच्या पेटीत जपल्या, त्यांचे दावे भक्कम झाले. शेताचे जुने बांध, पूर्वजांची थडगी, देवाची जागा आणि वडीलधाऱ्यांचा जबाब हेही पुराव्यात धरले जातात. म्होरक्याच्या एका नावामागे लपलेल्या घरांना मात्र बराच त्रास पडला. पणजोबा त्या गटात होते हे वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक, पण कागदावर नाव नाही. अशा ठिकाणी वंशावळ काढून, शेजाऱ्यांचे जबाब जोडून दावे करावे लागले. काही मंजूर झाले, काही फेटाळले गेले, आणि अनेकांना प्रत्यक्ष कसलेल्या क्षेत्रापेक्षा कमी क्षेत्राचा पट्टा मिळाला.

दरम्यान डोंगराखालची जमीन वेगाने हात बदलत होती. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांची फार्महाऊसे कर्जत, नेरळ, कळंब, कशेळे या पट्ट्यात उभी राहिली आणि माळाला एकराऐवजी गुंठ्याचा भाव आला. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायला महसूल कायद्यानुसार पूर्वपरवानगी लागते. १९७४ च्या कायद्याने पूर्वी गेलेल्या काही जमिनी परत मिळण्याची सोयही केली. वन हक्काची जमीन तर विकताच येत नाही. या बंदीमुळे पट्टा तारण ठेवणे अवघड होते, अशी तक्रार तरुण पिढी करते आणि ती रास्त आहे. पण खाचर विकलेल्या कुटुंबांची अवस्था पाहिली, तर डोंगरावरची जमीन घरात राहिली ती या बंदीमुळेच, हेही मान्य करावे लागते.

डोंगरउतारावर राहण्याचा धोका १९ जुलै २०२३ च्या रात्री समोर आला. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी ही ठाकूरवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. वाचलेल्यांचे पुनर्वसन खाली चौक गावाजवळ झाले. घरे सपाटीवर आली. पण अशा वाड्यांची शेती, गुरांची चराई आणि रानातली कमाई डोंगरावरच असते, आणि घर खाली नेले की रोजची चढण वाढते. म्हणून वाड्या हलवण्याच्या प्रत्येक योजनेत घराबरोबर कसत्या जमिनीचा विचार आधी व्हायला हवा.

पट्टा मिळालेल्या दळींवर काही बदल दिसू लागले आहेत. उतारावर दगडी बांध घालून माती अडवणे, काजू-आंब्याची कलमे लावणे, मधल्या पट्ट्यांत नाचणी-वरी घेणे असे प्रयोग कुटुंबे आता उघडपणे करू शकतात. नाचणीला शहरात मागणी आली आहे, त्याचाही हातभार लागतो. वारसाच्या बाबतीत हा कायदा जुन्या दळी बुकापेक्षा आणि बहुतेक सातबाऱ्यांपेक्षा पुढे आहे. लग्न झालेले असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. जिने आयुष्यभर त्या उतारावर नाचणी लावली, तिचे नाव जमिनीच्या कागदावर बहुतेक घरांत पहिल्यांदाच आले. धारकाच्या मृत्यूनंतर हक्क वारसांकडे जातो आणि थेट वारस नसेल तर जवळच्या नातलगाकडे. ज्या घरांतले मूळ दावेदार वारले आहेत, तिथे मुलामुलींची नावे चढवण्याचे काम आता पुढच्या पिढीकडे आले आहे.